घर सोडलेली गाणी

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडवर मी आज बोलणार आहे. ‘बँड’ म्हटले की आपल्याकडे प्रथम लग्नाची वरात आठवते आणि त्यामागे ‘रॉक’ हा शब्द जोडला की भडक दिवे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि उभ्यानेच संगीत ऐकणारी तरुण मंडळी डोळ्यांपुढे येतात. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांनी कबीराचे पद, नर्मदाकाठचे भजन, केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना आणि भोजपुरी भाषेतले एक बंडखोर गीत हे सारे एकाच आवाजाच्या विस्तारात सामावून घेतले, त्या मंडळींकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहता येत नाही. त्यांच्या संगीतामागे एक जुना आणि गंभीर प्रश्न उभा आहे. गाणे ज्या मातीत उगवले ती माती सोडून ते दुसरीकडे गेले, म्हणजे त्याचे काय होते?

हा प्रश्न आपल्याच देशात उपस्थित झाला असे नाही. 1965 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या मेळाव्यात बॉब डिलन हा तरुण कवि-गायक विद्युत् गिटार घेऊन रंगमंचावर आला, तेव्हा श्रोत्यांपैकी अनेकांनी त्याची हुर्यो उडवली. साध्या गिटारीवर कष्टकऱ्यांची गाणी म्हणणारा आपला माणूस बाजारात गेला, असे त्यांना वाटले. त्याच सुमारास ‘फोक-रॉक’ हा शब्द रूढ झाला. पुढे 1969 मध्ये इंग्लंडमधील ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या मंडळींनी तिकडचे जुने पोवाडे विजेच्या वाद्यांवर बसवले. ही कथागीते शेकडो वर्षांची आणि वाद्ये कालपरवाची. तरीही ती जोडी विजोड वाटली नाही. जुन्या कथेतले धुके, रात्र, जंगल हे सारे त्या वाद्यांच्या लांबणाऱ्या नादातून उभे राहिले. शब्दांना अर्थाबरोबरच वातावरण देणे हे या संगीतप्रकाराचे खरे वैशिष्ट्य होय.

‘इंडियन ओशन’ची सुरुवात 1990 मध्ये दिल्लीत झाली. सुश्मित सेन हे गिटारवादक आणि असीम चक्रवर्ती हे तबलावादक व गायक, हे दोघे त्याचे मूळ पुरुष. पुढच्याच वर्षी राहुल राम त्यांना येऊन मिळाले आणि 1994 मध्ये अमित किलम यांनी ढोलवादनाची जागा घेतली. या चौघांचा संच नंतर पंधरा वर्षे टिकला. राहुल राम यांची पार्श्वभूमी मोठी मौजेची आहे. त्यांनी कानपूरच्या आयआयटीत रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषद्रव्यांवर डॉक्टरेट मिळवली. एवढे शिकून परत आल्यावर त्यांनी हाती धरली ती मंद्र स्वरांची बेस गिटार, आणि पाऊल टाकले ते नर्मदेच्या खोऱ्यात. त्याविषयी पुढे बोलणार आहेच.

त्यांची पहिली ध्वनिफीत एचएमव्ही कंपनीने 1993 मध्ये काढली. तीत ‘गोइंग टू आयटीओ’ नावाची एक रचना आहे. आयटीओ म्हणजे दिल्लीचा तो गजबजलेला चौक, ज्याला प्राप्तिकर कचेरीवरून हे नाव पडले. प्राप्तिकर कचेरीच्या नावाने संगीतरचना झाल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्यासारख्या सरकारी नोकराला तरी ठाऊक नाही! दुसरा संग्रह ‘डेझर्ट रेन’ हा 1 जानेवारी 1997 रोजी दिल्लीच्या मंडी हाउस परिसरात, नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मृत्यर्थ झालेल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला. पथनाट्य करताना 1989 च्या 1 जानेवारीला हाश्मींवर प्राणघातक हल्ला झाला होता. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी कलावंत तेथे जमत. थंडीतल्या त्या मोकळ्या जागेतली हवा ध्वनिमुद्रणात उतरली आहे. बंद खोलीतला निर्दोष नाद तेथे नाही, पण उघड्यावर वाजवणाऱ्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मात्र जाणवतो.

आता त्यांच्या नादाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या बँडची खरी कमाई तेथे आहे. पाश्चात्य संगीतात गिटारवादक एकामागून एक स्वरसंघात, म्हणजे ‘कॉर्ड’, बदलत जातो. त्या बदलांतून गाणे पुढे सरकते. सुश्मित सेन बहुतेक वेळा असे करत नाहीत. ते एकाच आधारस्वरावर दीर्घकाळ मुक्काम ठोकतात. गिटारीच्या मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या झंकारत राहतात आणि त्याच हाताने उरलेल्या तारांवर धून हळूहळू उलगडत जाते. रागसंगीत ऐकणाऱ्या कानाला हा विस्तार परका वाटत नाही. तो कोणत्या एका रागाचे व्याकरण पाळतो असे नव्हे. परंतु षड्जावर बसून राहण्याचा जो धीर आपल्या संगीताने आपल्याला शिकवला, तो त्यात आहे.

त्याखाली राहुल राम यांची बेस गिटार असते. बेस हे वाद्य सामान्यतः पायाचे दगड रचते आणि अंधारात राहते. येथे मात्र ते पुष्कळदा पुढे येऊन बोलते. लयीच्या बाजूला असीम यांचा तबला आणि अमित यांचे ड्रम ही जोडी आहे. तबला बोटांनी बोलणारा, ड्रम काठीने. एकाला अर्धे वाक्य बोलून थांबता येते, तर दुसऱ्याला सारी सभा हलवता येते. दोन्ही एकत्र वाजवताना तबल्याचा जीव गुदमरण्याचा संभव फार असतो आणि इतर अनेक प्रयोगांत तो गुदमरतोही. या मंडळींनी आवाजाची वाटणी अशी केली की ड्रम वाजत असतानाही डग्ग्याची घुमक ऐकू यावी. शिवाय असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गात. हे दिसते तितके सोपे नाही. हात एका लयीत गुंतलेले असताना गळा मोकळा ठेवणे किती कठीण, हे आपल्या कीर्तनकारांना किंवा डफ घेऊन पोवाडा म्हणणाऱ्या शाहिरांना विचारावे.

अमित किलम गबगुबी नावाचे एक बाऊल वाद्य वाजवतात. कातड्याच्या तळातून निघालेली तार एका हाताने ताणायची व दुसऱ्या हाताने छेडायची, म्हणजे स्वर उसळी मारून वरखाली होतो. महाराष्ट्रातील श्रोत्यांना याची ओळख करून देण्याची गरज नाही. यल्लम्माच्या भक्तांचे चौंडके याच कुळातले. बंगालच्या बाऊलाच्या काखेतले वाद्य ऐकताना आपल्या जोगतिणीची आठवण व्हावी, यात मला फार मोठा आनंद वाटतो. लोकवाद्यांची नातीगोती राज्यांच्या सीमा पाहून ठरलेली नाहीत.

2000 साली ‘कंदीसा’ हा संग्रह आला आणि या मंडळींचे नाव सर्वतोमुखी झाले. मी त्या वेळी महाविद्यालयात होतो. वसतिगृहातल्या खोल्याखोल्यांतून ते गाणे ऐकू येई आणि त्यातला एक शब्दही कोणाला कळत नसे. कळणार तरी कसा? ती सिरियाक भाषेतील प्रार्थना आहे. ख्रिस्ताच्या बोलभाषेची, अरमाईकची, ही शाखा केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत शतकानुशतके टिकून राहिली. ‘कंदीसा’ म्हणजे पवित्र. गाणे अतिशय संथपणे, जवळजवळ वाद्यांशिवाय उगवते. एकावर एक आवाज चढत जातात आणि मग वाद्यांचा लोंढा येतो. भाषा न कळताही विशीतली मुले स्तब्ध बसून ऐकत, याचे कारण मला त्या वातावरणातच दिसते. देवळाच्या गाभाऱ्यात उच्चारलेल्या मंत्राचा अर्थ तरी आपल्यापैकी किती जणांना लागतो? नाद आधी पोहोचतो. अर्थ मागाहून येतो, किंवा येतही नाही.

याच संग्रहातले ‘हिल्ले ले’ हे गीत गोरख पांडे यांचे. हा कवी उत्तर प्रदेशातील देवरियाकडचा. 1989 मध्ये त्याने आपल्या हाताने जीवनयात्रा संपवली. शेतमजुरांच्या सभांत गायिलेले त्याचे शब्द दिल्लीच्या महाविद्यालयीन तरुणांच्या ओठी गेले. आणि याच संग्रहात ‘मा रेवा’ आहे.

रेवा म्हणजे नर्मदा. मराठी माणसाला तिच्याविषयी वेगळे सांगायला नको. परिक्रमेला निघालेली मराठी माणसे दरवर्षी तिच्या काठाने चालताना दिसतात आणि त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांनी आपल्याकडे एक स्वतंत्र कपाट भरेल. राहुल राम मात्र परिक्रमावासी म्हणून तेथे गेले नव्हते. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी ते नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते आणि हे गाणे त्यांनी त्या खोऱ्यातच ऐकले, शिकले. सरदार सरोवराच्या धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी 1961 मध्ये बसवली. पाण्याच्या वाटपाचा लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला. जागतिक बँकेने नेमलेल्या समितीने 1992 मध्ये पुनर्वसनाच्या व्यवस्थेवर कठोर टीका केली आणि 1993 मध्ये भारत सरकारने बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग नाकारला. बुडितात येणाऱ्या सुमारे 245 गावांपैकी 33 महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यातली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांतले अगदी पहिले. तेथे 1993 च्या पावसाळ्यात पाणी चढले. 2017 मध्ये धरण पूर्ण उंचीनिशी, म्हणजे 138.68 मीटरांनिशी, राष्ट्राला अर्पण झाले.

शासनाच्या सेवेत आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या माणसाने या विषयावर बोलताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. कच्छ-सौराष्ट्रातल्या ज्या गावांत नळाला पाणी आले, तेथील बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही गोष्ट लहान नाही. पण आमच्या कचेऱ्यांतून जी भाषा चालते, ती मी रोज वाचतो आणि लिहितो. ‘बुडीत क्षेत्र’, ‘प्रकल्पग्रस्त’, ‘पात्र कुटुंब’, ‘पर्यायी भूखंड’. हे शब्द आवश्यक आहेत, कारण त्यांच्यावाचून नुकसानभरपाईचा एक रुपयाही पुढे सरकत नाही. मात्र नदीला आई म्हणणाऱ्या माणसाने नदी गमावली, ही नोंद कोणत्या रकान्यात करायची, याची तरतूद कोणत्याही नमुन्यात नाही. ‘मा रेवा’मध्ये धरणाचा उल्लेखच नाही. निषेध नाही, मागणी नाही. निर्मळ पाण्याची, वाहत्या आईची स्तुती तेवढी आहे. परंतु ज्या वर्षांत आणि ज्या माणसांच्या तोंडून ते गाणे उचलले गेले, ते ठाऊक असलेल्याला ती स्तुती ऐकवत नाही. नमुन्यात न मावलेली ती एक नोंद या गाण्यात झाली आहे, असे मला वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. खोऱ्यातल्या गरिबांचे गाणे शहरातल्या शिकलेल्यांनी उचलले, विजेच्या वाद्यांवर सजवले, तिकिटे लावून म्हटले आणि त्यावर तरुण मंडळी नाचली. मूळ धन्याला काय मिळाले? आक्षेप खरा आहे. लोकगीताला धनी नसतो हे उत्तर मला सोयीचे, पण अपुरे वाटते. कवीचे नाव ठाऊक नसले तरी ते ज्यांच्या जीवनात गुंतलेले असते ती माणसे खरी असतात. तथापि यात एक भेद करायला हवा. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीने महाराष्ट्रातली हजारो गाणी छापून ठेवली, दुर्गाबाई भागवतांनी 1956 मध्ये ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. त्यांचे ऋण फार मोठे आहे. पण छापील ओवीत जात्याची घरघर नसते. त्याच रीतीने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी जमवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 1926 मध्ये येथे लखनौत संगीत महाविद्यालय उभारून त्या सर्वांना खुल्या केल्या. पण उस्तादाच्या गळ्यातली ती एक लकेर कागदावर आली नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळत असेल? गाणे कागदावर टिकते, ते गळ्यात जगते. राहुल राम यांनी ‘मा रेवा’ गळ्यात ठेवले. शिवाय ते ज्या लढ्यातून आले त्या लढ्यात ते स्वतः उभे होते. नुसते फिरस्ते म्हणून जाऊन त्यांनी ते टिपून आणले नाही. मी त्यांच्या बाजूने निकाल देतो तो या आधारावर. दुसऱ्या कोणी, त्या खोऱ्यात पाऊल न टाकता, हेच गाणे जाहिरातीला लावले असते तर माझा निकाल निराळा झाला असता.

‘कंदीसा’तच ‘लीव्हिंग होम’, म्हणजे घर सोडताना, नावाची एक रचना आहे. हे शीर्षक ऐकल्यावर मला माझ्या आजूबाजूच्या वस्तीकडे पाहावेसे वाटते. मी लखनौच्या आलमबागेत राहतो. नवाब वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी हा बाग लावला. तिच्या आलम आरा या नावावरून त्याला नाव मिळाले. 1856 मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि नवाब लखनौ सोडून कलकत्त्याला गेला तो परत आला नाही. ‘बाबुल मोरा’ ही भैरवीतली ठुमरी त्याच्याच नावावर सांगितली जाते. सैगलच्या 1938 सालच्या ध्वनिमुद्रिकेने ती घरोघर नेली. माहेर सोडणाऱ्या मुलीच्या शब्दांत राज्य सोडणाऱ्या राजाचे दुःख! दुसऱ्याच वर्षी या बागेच्या भिंतीआड तोफा लागल्या आणि लखनौच्या वेढ्यावर चालून आलेला सेनापती हॅवलॉक मरण पावल्यावर येथेच पुरला गेला. पुढे फाळणी झाली, तेव्हा पंजाब-सिंधमधून घर सोडून आलेली कुटुंबे याच भागात वसवली गेली. बागेची वेस तेवढी आज उरली आहे आणि तिच्याभोवती त्या कुटुंबांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची दुकाने आहेत. एवढ्याशा जागेत घर सोडण्याचे इतके थर साठलेले आहेत की एका शब्दहीन रचनेला ‘घर सोडताना’ हे नाव का द्यावेसे वाटले असेल, हे येथे राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या रचनेतली गिटार पुढे जाते, थबकते, पुन्हा पहिल्या धुनेकडे वळते. निघालेला माणूस दारातून असाच मागे पाहतो. जयदीप वर्मा यांनी या बँडवर काढलेल्या माहितीपटालाही हेच नाव आहे. तो 2010 मध्ये चित्रपटगृहांतून दाखवला गेला.

2003 च्या ‘झीनी’ संग्रहात कबीराच्या चादरीचे पद आहे. कुमार गंधर्वांनी आपल्या कानांवर निर्गुणाचा जो संस्कार केला आहे, तो मनात धरून हे पद ऐकायला बसणाऱ्यांची थोडी निराशा होईल. कुमारांच्या गाण्यातली ती भेदून जाणारी पुकार येथे नाही. येथे चादर सैलसर, वाऱ्यावर हलणारी आहे. मला स्वतःला हा संग्रह ‘कंदीसा’च्या तोडीचा वाटत नाही. त्यानंतर अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटासाठी त्यांनी संगीत दिले. 12 मार्च 1993 च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयात अडकून राहिला आणि 2007 मध्ये प्रदर्शित झाला. पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले त्यातले ‘बंदे’ हे गाणे आजही तरुणांच्या तोंडी आहे.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. तबला आणि गळा असे दोन्ही एकाच माणसाबरोबर गेले. दिल्लीतल्या करोलबागच्या ज्या जुन्या घरात ही मंडळी वर्षानुवर्षे तालीम करत, त्याचा पत्ताच पुढच्या संग्रहाला नाव म्हणून दिला गेला : ‘16/330 खजूर रोड’. असीम हयात असतानाच त्यातील गाणी मुद्रित झाली होती. 2010 च्या मध्यापासून दरमहा एक याप्रमाणे ती लोकांना विनामूल्य देण्यात आली. गेलेल्या माणसाचा आवाज महिन्याच्या महिन्याला घरी येत राहिला. दिवंगत आप्ताच्या नावाने टपाल येत राहावे, तसे काहीसे ते होते.

2013 मध्ये सुश्मित सेन बाहेर पडले. म्हणजे ज्या दोघांनी आरंभ केला त्यांपैकी एकही उरला नाही. मग हा तोच बँड का? पुष्कळ जुने श्रोते नाही म्हणतात. मला तमाशाच्या फडांची आठवण होते. मूळचा मालक गेला, ढोलकीवाला बदलला, सरदाराचा आवाज निराळा झाला, तरी फडाचे नाव चालते आणि यात्रेत त्याच नावावर गर्दी होते. नाव चालवायचे तर मात्र रोज कनातीत उभे राहून ते कमवावे लागते. गिटारीवर निखिल राव, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायनात हिमांशु जोशी आले. हिमांशूंचा आवाज असीम यांच्यापेक्षा अधिक खुला आणि चढा आहे. असीम यांच्या गळ्यातला तो किंचित घोगरा, जवळ बसून बोलल्यासारखा ओलावा पुन्हा मिळाला नाही, हे मी सांगितलेच पाहिजे. निखिल रावांची गिटारही अधिक चपळ. एका स्वरावर बसून राहण्याचा सेनांचा धीर तिच्यात कमी. 2014 च्या ‘तंदानु’त त्यांनी शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन अशा पाहुण्यांना बोलावले. पाहुणे थोर, पण पंगतीत यजमान कोठे बसला आहे ते शोधावे लागते. 2023 मध्ये ‘तू है’ आला. त्यात निसर्गाची, सृष्टीशी असलेल्या नात्याची गाणी आहेत.

या नव्या संचाचे मला सर्वांत आवडलेले काम मात्र चित्रपटातले आहे. हैदराबादच्या मराठी घरात वाढलेले नीरज घायवान यांनी 2015 मध्ये काशीच्या घाटांवरचा ‘मसान’ काढला. त्याची बहुतेक गाणी वरुण ग्रोवर यांनी लिहिली आणि संगीत ‘इंडियन ओशन’चे. त्यातल्या एका गाण्याचा उगम दुष्यंत कुमार यांच्या शेरात आहे. प्रिय व्यक्तीला रेल्वेची आणि स्वतःला पुलाची उपमा दिलेला तो शेर हिंदी मुलखात सर्वांना पाठ असतो. गायिले आहे ते इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांनी. म्हणजे दिग्दर्शक मराठी, गायक मराठी, दोघेही महाराष्ट्राबाहेर वाढलेले. शब्द हिंदी, आणि वाद्ये सातासमुद्रापलीकडची. आलमबागेत रेल्वेचा डबे दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे आणि चारबाग स्थानक जवळच. रात्री उशिरा लांबच्या गाड्यांचा आवाज घरात येतो. त्या गाण्यात गिटार अगदी हलकी ठेवली आहे, ताल जवळजवळ नाहीच, आणि किरकिरे शब्दांच्या मध्ये श्वासाला भरपूर जागा ठेवतात. आमच्या घरी ते लागले आणि त्याच वेळी कानपूरकडे जाणारी गाडी सुटली, तर कोणता आवाज कोठून येतो आहे हे काही क्षण खरोखरच सांगता येत नाही.